ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर सारखा क्रॅश होतोय, तीनदा फॉरमॅट मारून झालं, आता काय करू?

रेंडरबाई | ३ जून, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी, रत्नागिरीहून लिहितेय. घरूनच लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. यंदाच्या सीझनची सहा लग्नं अजून माझ्या हार्ड डिस्कवर वऱ्हाडासारखी मुक्कामाला आहेत आणि नेमकं आत्ताच कॉम्प्युटरने अंग टाकलंय.

होतं काय की रिझॉल्व्हमध्ये (एडिटिंगचं सॉफ्टवेअर) टाइमलाइन पुढेमागे करताना स्क्रीन काळी होते, दोन-तीन सेकंदांनी परत येते आणि रिझॉल्व्ह जीपीयूच्या, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या चिपच्या, नावाने काहीतरी बोंब मारून बंद. कधी ब्राउझर उघडा असताना पण होतं. आणि कधी कधी तर सगळंच धाडकन बंद होऊन कॉम्प्युटर आपोआप परत सुरू होतो.

मशीन भाच्याने असेंबल करून दिलंय गेल्या दिवाळीत. प्रोसेसर रायझेन ५ ५६००एक्स, बी५५० मदरबोर्ड, ६५० वॉटचा एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा), रॅम आधी १६ होती ती एप्रिलमध्ये इथल्या कॉम्प्युटरवाल्याकडून ३२ करून घेतली. कार्ड १२ जीबीचं आहे, कंपनी मुद्दाम लिहीत नाही नाहीतर धागा लाल विरुद्ध हिरवा (एएमडी विरुद्ध एनव्हिडिया) होऊन जाईल, मला माहितीये तुम्ही लोक कसे आहात :)

नवीन ड्रायव्हर टाकला, जुना टाकला, तीनदा फॉरमॅट मारला. कॉम्प्युटरवाला म्हणतो "मॅडम कार्ड गेलंय, नवीन घ्या". नवीन घ्यायला पैसे आहेत असं नाही आणि कार्ड खरंच गेलंय का हेच कळत नाहीये. कुणी सांगेल का नीट?

बापू_बारामतीकर | ३ जून, रात्री ११:३०

डीडीयू मारलं का? डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर. सेफ मोडमध्ये जाऊन मारायचं, आणि त्याआधी नेटची वायर काढून ठेवायची, नाहीतर विंडोज मागच्या दाराने स्वतःचा ड्रायव्हर आणून बसवतं आणि आपण समजतो आपण टाकलाय तोच चालू आहे.

उघडा_टर्मिनल | ३ जून, रात्री ११:४१

लिनक्स टाका.

बापू_बारामतीकर | ३ जून, रात्री ११:४३

आला का. रिझॉल्व्ह लिनक्सवर पण चालतं हे मान्य पण बाईंची सहा लग्नं अडकलीत हो, त्यांना आत्ता सातवं लावू नका.

रेंडरबाई | ४ जून, सकाळी ८:०५

फॉरमॅटच मारलाय ना तीनदा, मग डीडीयूने वेगळं काय होणार? तरी रात्री मारून बघितलं. सकाळी चहा ठेवून आले तेवढ्यात पुन्हा काळी स्क्रीन.

अणुरेणू | ४ जून, सकाळी ९:२०

ताई बरोबर बोलताय, तीन वेगळ्या कोऱ्या विंडोजवर आणि दोन वेगळ्या ड्रायव्हरवर तोच त्रास येतोय म्हणजे ड्रायव्हरचा संशय जवळपास सोडून द्या. हा ड्रायव्हर बिचारा निरोप्या असतो. विंडोजमध्ये टीडीआर नावाची सोय आहे, व्हिस्टापासून आलेली, टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी. कार्डाला काम दिलं आणि दोन सेकंदांत उत्तर आलं नाही की विंडोज समजतं हे झोपलं, मग कार्ड आणि ड्रायव्हर दोघांना झटका देऊन परत उठवतं. ते उठवणं म्हणजे तुमची ती दोन-तीन सेकंदांची काळी स्क्रीन. कार्डाने उत्तर का दिलं नाही हे विंडोजला ठाऊक नसतं, गरम झालं असेल, करंट मिळाला नसेल, रॅम खराब असेल, वाटेत डेटा गळला असेल, नाव मात्र लॉगमध्ये ड्रायव्हरचं लागतं. पोस्टमन वाईट बातमी आणतो म्हणून त्याला मारायचं तसं सगळे ड्रायव्हर बदलत बसतात.

आणि दुसरं, मला तुमच्या वर्णनात दोन आजार दिसतायत. स्क्रीन जाऊन परत येणं एक, आणि सगळं बंद होऊन रीस्टार्ट होणं दुसरं. एकच असतील असं धरून चालू नका. एक वही घ्या. डाव्या पानावर काळ्या स्क्रीनच्या वेळा, उजव्या पानावर रीस्टार्टच्या. शेजारी काय करत होतात ते. आठवडाभर काही एक बदलू नका.

मग इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. त्या त्या वेळेला कुठला नंबर आलाय बघा. ४१०१ असेल तर टीडीआर. ४१ असेल, कर्नल पॉवर लिहिलेला, तर त्याच्या डिटेल्समध्ये बगचेककोड बघा. तिथे २७८ असेल तर तो ११६ चाच ब्लू स्क्रीन आहे, व्हिडिओ टीडीआर फेल्युअर, हेक्सचा आकडा डेसिमलमध्ये लिहिलेला असतो म्हणून ओळखू येत नाही. आणि तिथे ० असेल तर विंडोजला पडायलाही वेळ मिळालेला नाही, बहुतेक वेळा वीजच तुटलेली असते.

नुसता_वाचक | ४ जून, सकाळी १०:०२

वाचनखूण साठवली. २७८ चं माहीत नव्हतं.

सुमेधा_बंगळूर | ४ जून, दुपारी १:१५

अवांतर आहे पण कुणाला उपयोगी पडेल म्हणून. माझ्या टीममेटला गेममध्ये सारखं "आउट ऑफ व्हिडिओ मेमरी" यायचं, कार्डात मेमरी ढीगभर रिकामी. महिनाभर तो कार्डाच्या नावाने खडे फोडत होता आणि निघाला प्रोसेसर. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या जनरेशनच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरना हा त्रास होता, इंटेलने २०२४ मध्ये तसं मान्य करून ऑगस्टमध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ताईंचा रायझेन आहे म्हणजे त्यांना हे लागू नाही, पण एररमध्ये व्हिडिओ हा शब्द आला म्हणजे दोष कार्डाचाच असं नसतं एवढंच सांगायचं होतं.

तपकीर_गल्ली | ४ जून, दुपारी ३:४८

एप्रिलमध्ये रॅम टाकली म्हणताय आणि त्रास कधीपासून आहे? ते लिहिलं नाही तुम्ही. माझा सगळा संशय रॅमवर. जुनी स्टिक एका स्पीडची नवी दुसऱ्या स्पीडची, वर एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने पळवायची सेटिंग) चालू. मेमटेस्ट८६ (रॅम तपासायचा प्रोग्राम) पेनड्राइव्हवर टाका आणि रात्रभर चालू द्या, एक पास नाही चालणार, चारही होऊ द्या.

रेंडरबाई | ५ जून, सकाळी ७:५०

हो की! एप्रिलच्या शेवटापासूनच आहे. रॅम टाकून गेला आणि चार-पाच दिवसांत सुरू झालं. रॅम टाकल्यावर मशीन सुरूच होईना म्हणून त्याने बोर्डावरचा तो गोल सेल काढून परत लावला होता, मग सुरू झालं. मेमटेस्ट रात्री लावते.

रेंडरबाई | ६ जून, सकाळी ६:४०

चार पास, शून्य एरर. आता? :(

तपकीर_गल्ली | ६ जून, सकाळी ९:३३

मग माझं डोकं चालेना. रॅम सुटली जामिनावर.

कोकणचा_पाहुणा | ६ जून, सकाळी १०:१०

माझ्या गुहागरच्या घरी कॉम्प्युटर बंद पडायचा तेव्हा कॅबिनेटमध्ये पाल निघाली होती, एसएमपीएसच्या जाळीतून आत गेलेली. तिने दोन्ही बाजूंना शॉर्ट करून स्वतःचं आणि एसएमपीएसचं कल्याण केलं. हसू नका, उघडून बघा. शिवाय खारी हवा. कार्डाच्या सोनेरी दातांवर पातळ थर चढतो, कार्ड काढून पांढऱ्या खोडरबराने हलकं पुसायचं, चुरा झटकायचा आणि परत बसवायचं. आमच्याकडे निम्मे कॉम्प्युटर यानेच बरे होतात. मशीनची वायर काढूनच करा आणि आधी ग्रिलच्या लोखंडाला हात लावून घ्या.

रेंडरबाई | ८ जून, रात्री ९:२५

पाल नाही निघाली (देवा). धूळ वाटीभर. ब्लोअरने काढली. मग कार्ड त्या पट्टीतून काढलं, खोडरबर मारला, परत बसवलं. दोन दिवस बरं वाटलं, आज पुन्हा दोनदा काळं.

वही चालू आहे. डावं पान भरत आलंय, वेळ कुठलीही, सकाळ दुपार रात्र. उजव्या पानावर पाचच नोंदी आहेत पण त्या बघा: ७:०८, ७:१२, ७:०५, ७:१४, ७:०९. सगळ्या संध्याकाळच्या आणि पाचही वेळा रेंडर चालू होता. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डाव्या पानाला ४१०१, उजव्याला ४१ आणि बगचेककोड ०. अणुरेणू तुम्ही म्हणालात तसंच निघालं. सात वाजता काय भूत येतं आमच्याकडे?

अणुरेणू | ८ जून, रात्री ९:५१

सात ते सव्वासातला बिल्डिंगमध्ये काय सुरू होतं? आणि मशीन थेट प्लगवर आहे की यूपीएसवर? यूपीएस किती व्हीएचा आणि त्यावर काय काय लटकलंय ते सगळं सांगा.

रेंडरबाई | ८ जून, रात्री १०:०४

अगं बाई. सात वाजता पाण्याची मोटर लावतात. तेव्हा ट्यूबलाइट पण मिचकते. यूपीएस ६०० व्हीए, तीन वर्षं झाली, जुन्या मशीनचाच आहे. त्यावर मशीन, दोन मॉनिटर, स्पीकर, वायफायचा राउटर. संध्याकाळी तो टिकटिक करून किंचाळतो पण ते मी इतके दिवस ऐकतेय की आता कुकरच्या शिट्टीसारखं लक्षातही येत नाही.

इलेक्ट्रिकभाऊ | ८ जून, रात्री १०:४०

उजवं पान सुटलं ताई. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस म्हणजे ओढूनताणून ३६० वॉट. तुमचं कार्ड फुल लोडवर दीडशे-पावणेदोनशे खातं, प्रोसेसर रेंडरला पाऊणशेच्या आसपास, बाकी बोर्ड पंखे डिस्क धरा, एसएमपीएस स्वतः थोडं जाळतो, दोन मॉनिटर साठ-सत्तर. म्हणजे रेंडरला तुम्ही काठावरच उभ्या आहात. मोटर सुरू होताना पहिल्या झटक्याला कितीतरी पट करंट ओढते, लाइनचा व्होल्टेज बसतो, यूपीएस म्हणतो मी बॅटरीवर जातो, आणि तीन वर्षांची म्हातारी बॅटरी तेवढा लोड बघून हातच टेकते. मशीन नुसतं चालू असताना निभावतं, रेंडर असला की नाही. म्हणून पाचही वेळा रेंडर.

अजून एक, स्वस्तातले यूपीएस बॅटरीवर गेले की शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांची देतात, आणि हल्लीच्या एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं त्यातल्या काहींना ती पचत नाही.

उद्या मोटरीच्या वेळेला मशीन थेट प्लगवर लावून रेंडर चालवून बघा. एसएमपीएसच्या स्टिकरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का तेवढं बघून घ्या, असेल तर लाइन १९० वर बसली तरी त्याला फरक पडत नाही. प्रोजेक्ट सेव्ह करून ठेवा म्हणजे झालं.

रेंडरबाई | १० जून, रात्री ८:१५

दोन दिवस थेट प्लगवर. ७:०० ते ७:३० मुद्दाम रेंडर लावून समोर बसले. मिस्टरांचा मल्टिमीटर शेजारच्या प्लगमध्ये खुपसून ठेवला होता, २१४ दाखवत होता, मोटर सुरू झाली तसा क्षणभर १७० च्या खाली जाऊन परत वर. ट्यूब मिचकली, रेंडर हलला नाही! इलेक्ट्रिकभाऊ तुमच्या नावाने आज उकडीचे मोदक.

पण डावं पान तसंच आहे. आज तीनदा.

उघडा_टर्मिनल | १० जून, रात्री ८:३०

टीडीआरडिले, म्हणजे विंडोज कार्डाची वाट बघतं तो वेळ, वाढवा ना मग. रजिस्ट्रीत ग्राफिक्सड्रायव्हर्सखाली नवीन डीवर्ड, २ चे १० सेकंद करा.

अणुरेणू | १० जून, रात्री ९:०२

तो उपाय मायक्रोसॉफ्टनेच फक्त टेस्टिंगपुरता म्हणून सांगितलाय. रेंडर खरोखरच जड असेल आणि कार्डाला दोन सेकंद पुरत नसतील तर ठीक आहे. इथे बाई नुसता ब्राउझर स्क्रोल करतायत आणि कार्ड गप्प बसतंय, मग दहा सेकंद वाट बघून काय होणार, आधी दहा सेकंद स्क्रीन गोठेल आणि मग काळी होईल.

खाटीमिठी | १० जून, रात्री ११:२८

मी पूर्ण धागा आत्ता एका बैठकीत वाचला आणि एका वाक्याला अडकलोय. ८ तारखेच्या प्रतिसादात ताईंनी लिहिलंय "कार्ड त्या पट्टीतून काढलं". कुठली पट्टी? कार्ड थेट बोर्डाच्या खाचेत बसतं. मधे पट्टी कुठून आली?

रेंडरबाई | ११ जून, सकाळी ७:३५

ती काळी चपटी रुंद पट्टी असते ना, बोर्डातून निघून कार्डाला येते. सगळ्यांकडे नसते का? आमचं कार्ड काचेकडे तोंड करून उभं आहे, भाच्याने तसं लावलंय, लाइट दिसतात म्हणून.

खाटीमिठी | ११ जून, सकाळी ७:५८

घ्या! चोर सापडला बहुतेक. तिला रायझर म्हणतात. त्या पट्टीवर किंवा टोकाच्या प्लॅस्टिकवर काही लिहिलंय का? ३.० किंवा ४.०?

आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अजून एक शोधा, सोर्सच्या रकान्यात डब्ल्यूएचईए लॉगर, नंबर १७. तो लाल नसतो, पिवळा असतो म्हणून सगळे सोडून देतात.

रेंडरबाई | ११ जून, सकाळी ८:४०

टॉर्च मारून बघितलं, टोकाला बारीक अक्षरात ३.० लिहिलंय. आणि १७ नंबर... अहो शेकड्यांनी आहेत. स्क्रोल संपत नाहीये. "करेक्टेड हार्डवेअर एरर", खाली पीसीआय एक्स्प्रेस रूट पोर्ट. मी फक्त लाल लालच बघत होते इतके दिवस.

खाटीमिठी | ११ जून, सकाळी ९:१०

तर ऐका. कार्ड आणि बोर्ड ज्या रस्त्याने बोलतात तो पीसीआय एक्स्प्रेस. त्याची तिसरी पिढी २०१० ची, चौथी २०१७ ची, आणि चौथीत प्रत्येक लेनचा (त्या रस्त्यावरच्या एकेका पट्ट्याचा) वेग तिसरीच्या बरोब्बर दुप्पट. तुमचा बोर्ड चौथीचा, कार्डही चौथीचं, मधली पट्टी मात्र तिसरीची. दोघं एकमेकांना विचारतात तू किती वेगाने पळशील, दोघंही म्हणतात चौथ्या, पट्टीला कुणी विचारतच नाही कारण ती नुसती वायर, तिला तोंड नाही. मग ती अर्धा वेळ निभावते, मधेच अक्षरं खराब होतात, परत पाठवा म्हणून सांगितलं जातं, तो तुमचा १७ नंबर. आणि कधी इतकी खराब होतात की कार्ड बोर्डाच्या दृष्टीने गायबच होतं, मग दोन सेकंद, मग ४१०१.

मशीन सुरू करताना डिलीट दाबून बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जा, पीसीआयई एक्स१६ लिंक स्पीड असं काहीसं सापडेल, तिथे ऑटो असणार, ते जेन ३ (तिसरी पिढी) करा, सेव्ह करा. मग जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम) उघडून बस इंटरफेसमध्ये काय दिसतं ते बघा. नुसतं बघितलं तर १.१ दाखवेल, घाबरू नका, रिकामं असताना कार्ड वीज वाचवायला हळू चालतं, शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून त्याची रेंडर टेस्ट लावा मग खरा आकडा येतो.

तपकीर_गल्ली | ११ जून, सकाळी ९:२५

पण मग दिवाळीपासून एप्रिलपर्यंत कसं काय चाललं? पट्टी तीच, कार्ड तेच.

अणुरेणू | ११ जून, सकाळी ९:४४

सेल! रॅमवाल्याने गोल सेल काढला होता ना. सेल काढला की बायोसच्या सगळ्या सेटिंग मूळपदावर. ताई, भाच्याला एक फोन लावा आणि विचारा की दिवाळीत बायोसमध्ये काही केलं होतंस का.

रेंडरबाई | ११ जून, दुपारी २:२०

लावला. पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, लेक्चर चालू होतं तरी उचलला. म्हणतो "हो मावशी, तेव्हा पण स्क्रीन जात होती म्हणून मी जेन ३ करून ठेवलं होतं, तुला सांगायचं राहिलं". राहिलं!! दीड महिना मी इथे फॉरमॅट मारतेय आणि याचं सांगायचं राहिलं. आईला सांगते म्हणलं तर फोन कट.

जेन ३ केलंय. आता गप्प बसते आणि वही बघते.

सुमेधा_बंगळूर | ११ जून, दुपारी २:४१

जेन ३ वर स्पीड कमी नाही होणार का पण?

खाटीमिठी | ११ जून, दुपारी ३:०५

सोळाच्या सोळा लेन असतील तर एडिटिंगला हाताला जाणवणारही नाही. कार्डाचं स्वतःचं डोकं तेवढंच चालतं, फक्त दारातून सामान आत यायचा वेग निम्मा, आणि दार तसंही क्वचितच भरतं. मेमरी कमी असलेली किंवा आठच लेन वापरणारी कार्डं असतात त्यांना जास्त लागतं. पण माझं मत विचाराल तर पट्टी काढा आणि कार्ड आडवं बोर्डात बसवा. उभं कार्ड काचेला चिकटून असतं, पंख्यांना हवा कुठून मिळणार? ताई, रेंडरला टेंपरेचर किती जातं?

रेंडरबाई | ११ जून, रात्री ९:३०

८३.

खाटीमिठी | ११ जून, रात्री ९:३४

काढा ती पट्टी.

रेंडरबाई | २४ जून, रात्री १०:१८

मंडळी, तेरा दिवस झाले. डावं पान कोरं. उजवं पान पण कोरं. पहिले चार दिवस नुसत्या जेन ३ वर चालवलं, १७ नंबर एकदम बंद. मग रविवारी हिंमत करून पट्टी काढली, स्टँड काढला, कार्ड थेट बोर्डात, बायोसमध्ये परत ऑटो. जीपीयू-झेडमध्ये ४.० दिसतंय लोडवर, आणि तरी एकही १७ नाही. टेंपरेचर ७१. कार्डाचं मागचं टोक खाली वाकतंय असं वाटलं म्हणून सध्या मुलाच्या लेगोच्या चार विटा उभ्या करून टेकू दिलाय.

यूपीएस नवीन घेतला, ११०० व्हीए, प्युअर साइन वेव्हचा. दुसरा मॉनिटर आणि स्पीकर त्यावरून काढून भिंतीवरच्या साध्या स्विचबोर्डावर लावले. कॉम्प्युटरवाला परवा रस्त्यात भेटला, "घेतलं का मॅडम नवीन कार्ड", म्हटलं हो हो चाललंय छान.

सहापैकी चार लग्नं पोचली. पाचवं रेंडरला लागलंय, ६२ टक्के, आणि बाहेर नुसता धो धो पाऊस.

नुसता_वाचक | २४ जून, रात्री १०:४०

हा धागा वाचून माझं पण इव्हेंट व्ह्यूअर उघडलं. १७ नंबर सापडला. पण मी रायझर वापरतच नाही, कार्ड थेट बोर्डात आहे. आता?

खाटीमिठी | २४ जून, रात्री १०:५२

१७ मध्ये डिटेल्सला बस, डिव्हाइस, फंक्शन असे आकडे असतात, ते कार्डाचे आहेत का बघा. पुष्कळदा तो एसएसडीचा किंवा वायफाय कार्डाचा असतो. नवीन धागा काढा, कॉन्फिगरेशन टाका, इथे गर्दी नको.

रेंडरबाई | २४ जून, रात्री ११:०३

आणि हो, रायझर कुणाला हवी आहे का? सात महिने वापरलेली, २० सेंटिमीटर, ३.० ची. बोर्ड जुना असेल तर उत्तम चालेल. फुकट देते, कुरिअर तुमचं. भाचा सोडून कुणीही मागा.